फाटकाची कडी

बडनेरा,
गुरुवार, १७ जानेवारी २००२

प्रिय शकुनबाईस,

ज्योत्स्नाचा सप्रेम जयभीम. भाऊजींनाही सांग.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. लग्नसराईचे ब्लाउज आतापासूनच येऊन पडले आहेत, मशीनवरून उठायला होत नाही. यांचेही दोन जोडीदार रजेवर आहेत, त्यामुळे स्टेशनात यांना ड्यूटीवर ड्यूटी. घरी आले की जेवतात आणि आडवे होतात. पॉइंट्समनची नोकरी म्हणजे झोपेचा पत्ता नाही.

पुण्याकडे थंडी कशी आहे? पत्र्याच्या खोलीत रात्री गारठत असाल. भाऊजींचा गुडघा बरा आहे का? त्यांना म्हणावं, सेंट्रिंगच्या फळ्या चढताना जपून. इकडे गावाकडून कोणी आलं की मी विचारते. यंदाही बोंडअळीने कापूस दोन वेच्यांतच संपला म्हणतात. भातकुलीपासून पुढची अर्धी गावं कामाला बाहेर पडली. तुम्ही वेळेवर निघालात, बरं केलंत. पोरीची काळजी करू नका.

मैना मजेत आहे. अंगानं भरली आहे. चौथीच्या बाई म्हणाल्या, वाचनात तिचा हात कोणी धरू शकत नाही. मी तिच्यासाठी मोरपंखी रंगाचा फ्रॉक शिवला आहे, खाली दोन पदरी झालर लावून. घातला की अगदी आपली आई दिसते.

एक सांगायचं राहिलं. तिचा तो कुत्रा, फुटाणा, पळून गेला. मंगळवारी शाळेत जाताना पोरीने फाटकाची कडी लावली नाही. मी आत मशीनवर होते, लक्ष नव्हतं. बाहेर येऊन पाहते तर अंगण रिकामं. लेकरूच आहे, विसरली, मी काही बोलले नाही. दोन दिवस नीट जेवली नाही, पण होईल ठीक.

खरं सांगू का बाई, गेला ते एका परीने बरं झालं. तुमच्या कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगाखालून आणला तेव्हा मुठीएवढा होता. आता त्याच्या दातांना सुयांची धार आली होती. पायाची बोटं, साडीचा काठ, यांच्या ड्यूटीच्या बुटाची लेस, गिऱ्हाइकाचं कापड, काही म्हणून सोडत नव्हता. संध्याकाळी मैना शाळेतून आली की अंगात आल्यासारखा करायचा. अंगणात गोल गोल धावायचा, तिच्या फ्रॉकला लोंबकळायचा, हाताला चावे घ्यायचा. शेजारच्या गफ्फारचाचांनी सांगितलं ते सगळं करून पाहिलं. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली, पण त्यांच्याही सांगण्याचा काही उपयोग झाला नाही.

तू मात्र पोरीला दोन ओळी लिही. फाटक लावायची, वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय असू दे म्हणून. आईचं ऐकते ती.

तब्येतीला जपा. यांचा तुम्हा दोघांना जयभीम.

तुझी,
ज्योत्स्ना


बडनेरा,
रविवार, १० फेब्रुवारी २००२

प्रिय बाई,

जयभीम. आधी एवढं वाच: मैना बरी आहे. शाळेत जाते, दोन वेळा जेवते, तिला काही धोका नाही असं डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पुढचं वाचताना तुझा जीव थाऱ्यावर राहणार नाही, आणि तू जिथे आहेस तिथून उठून येणं तुला सोपं नाही.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. तीन फाडली. पहिल्यात माझी चूक होती, पण तिच्यापेक्षा माझी कारणं जास्त होती. दुसऱ्यात मी रडत होते. तिसऱ्यात अर्धंच लिहिलं होतं. आता जसं घडलं तसं लिहिते.

फुटाणा पळून गेला नव्हता. मी त्याला सोडून आले. कडी मैनाने लावली होती. रोज लावते तशीच, दोनदा हलवून पाहून.

पंधरा तारखेला, मंगळवारी, ती शाळेत गेल्यावर मी त्याला कापडं आणायच्या निळ्या पिशवीत घातलं, वरून ओढणीनं बांधलं आणि सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला गेले. एवढ्या लांब का, तर बडनेऱ्यात कुठेही सोडला असता तरी वास काढत तो घरी आला असता. मूर्तिजापूरपर्यंत पिशवीत झोपला. मग जागा होऊन त्यानं पिशवीच्या आतून माझी बोटं चघळायला सुरुवात केली. समोरची बाई हसून म्हणाली, "काय आहे वो पिशवीत?" मी म्हटलं, "कोंबडी."

अकोल्याला स्टेशनाबाहेर, मालधक्क्याच्या बाजूला, भिंतीच्या कडेला मी पिशवी उघडली. घरून भाकर नेली होती ती चुरून टाकली. तो खाण्यात गुंतला आणि मी वळले. मागे पाहिलं नाही. दुपारच्या गाडीनं परत आले आणि मैना यायच्या आत फाटक उघडं करून ठेवलं.

ती आली. उघडं फाटक पाहिलं. दप्तर तिथेच टाकून गल्लीत धावली. अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरली. परत आली तेव्हा मी म्हटलं, "सकाळी कडी लावली होती का तू?"

ती म्हणाली, "लावली होती ना मावशी."

मी म्हटलं, "मग कशी उघडली?"

त्यावर नऊ वर्षांचं लेकरू काय बोलणार? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "नसंन लावली मग." मी तिच्या तोंडून ते वदवून घेतलं, बाई. आणि मग तेच तुला लिहिलं, वर तुलाच सांगितलं की पोरीला समज दे.

मागच्या पत्रात लिहिलं की गफ्फारचाचांचं सगळं करून पाहिलं. तेही खोटं. त्यांनी डिसेंबरातच सांगितलं होतं, "बेटा, हे चावत नाही. याचे दात शिवशिवून राहिले. अन तू ओरडते, पदर झटकते, चप्पल घेऊन मागं धावते, तं याले वाटते मावशी खेळून राहिली. तू जेवढी नाचशीन, तेवढा हा नाचंन." ओलं फडकं गाठ मारून चघळायला द्या, चावला की जागच्या जागी थांबा, दुपारी त्याला झोपू द्या, असं त्यांनी समजावलं होतं. मी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकाचं ब्लाउजपीस ओढत मोरीत नेलं आणि मी त्याला चपलेनं मारलं. त्यानंतर मारतच गेले. मार खाल्ला की तो आणखी बिथरायचा, आणखी चावायचा. मग मी म्हणायची, पाहा, कुत्रंच वाईट आहे.

आता मैनाला घ्याव्या लागलेल्या सुयांचं.

एकोणीस तारखेला, शनिवारी सकाळी, मैनाला अंघोळीला पाणी काढून दिलं तर ती स्वेटर काढेना. हात लावला तर अंग कढत. जबरदस्तीनं बाही वर केली. उजव्या मनगटाच्या वर दोन खोल दात, भोवती सूज, पू धरलेला. तिने त्यावर हळद लावून फ्रॉकची चिंधी बांधली होती.

"हे कधी झालं?"

"आतवारी."

म्हणजे रविवारी, मी फुटाण्याला न्यायच्या दोन दिवस आधी. तिच्या हातात भाकर होती, त्यानं उडी मारली, भाकर चुकली आणि हात सापडला. सहा दिवस तिने पूर्ण बाहीचा स्वेटर घालून ते लपवलं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू त्याले घरातून काढलं असतं."

तो तर घरातून गेलाच होता, बाई. आणि तो पळून गेला, परत आला तर मावशीनं काढू नये, म्हणून ती अजून लपवत होती.

यांनी तिला उचललं आणि आम्ही अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, पण बोलायला स्पष्ट. जखम धुतली, उशीर केला म्हणून मला बोलले. मग विचारलं, "कुत्रं घरचंच ना? बांधून ठेवा. चावल्यापासून दहा दिवस ठणठणीत राहिलं तर घाबरायचं कारण नाही."

मैना म्हणाली, "तो पळून गेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुत्रं समोर नसेल तर मला धोका घेता येणार नाही. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. रोज एक."

हे माझ्याकडे पाहत होते. तेव्हा एका वाक्याचं काम होतं. "मला माहीत आहे कुत्रं कुठे आहे", एवढंच. मी पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिले.

पहिली सुई त्याच दिवशी झाली. तुला सगळं सांगणार नाही. बेंबीच्या बाजूला देतात. नर्सबाई म्हणाल्या, "आई, हात धरा तिचे." मी आई नाही असं मी सांगितलं नाही, मैनानेही नाही. मी हात धरले. ती किंचाळली नाही. दात आवळून वर पंख्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या दिवशी पोटावर गाठी आल्या होत्या. बसमध्ये खड्डा आला की ती दोन्ही हातांनी पोट धरायची. घरी आल्यावर मी गरम पाण्याचं फडकं लावायची आणि रोज ठरवायची की उद्या सांगेन.

का नाही सांगितलं, ते पुढे लिहिते. आधी तुझ्या पत्राचं.

ते चोवीस तारखेला आलं. माझ्यासाठी एक पान, तिच्यासाठी एक. तू तुझ्या परीने बरोबरच लिहिलं होतंस. "दुसऱ्याच्या घरी राहतेस, इतकं बेफिकीर राहून कसं चालेल? मावशीला त्रास होईल असं वागू नको." मैनाने ते दारात बसून वाचलं. घडी घालून दप्तरात ठेवलं. मग उठून फाटकापाशी गेली, कडी काढली, लावली, काढली, लावली. मी खिडकीतून पाहत होते. माझ्या हातात मशीनची कात्री होती आणि ती मला खाली ठेवता येईना.

दुसऱ्या दिवशी सातवी सुई. टेबलावर झोपली असताना तिने मला विचारलं, अगदी हळू, नर्सबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून, "मावशी, मी कडी लावली असती तं फुटाणा बी राहिला असता अन सुया बी नसत्या लागल्या, होय नं?"

मी "हो" म्हटलं नाही. "नाही" पण म्हटलं नाही. बाहेर आले आणि पायरीवर बसले. संध्याकाळी हे ड्यूटीवरून आल्यावर यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ बूटच काढत राहिले. मग म्हणाले, "मले नाही सांगतलं, जाऊ दे. त्या लेकराले सुया टोचू दिल्या तू." एवढंच. यांचा आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

सव्वीस जानेवारीला यांनी तिला झेंड्याला नेलं, तिथून आठव्या सुईला. मी अकोल्याची पॅसेंजर धरली. अकरा दिवस झाले होते. मालधक्का, चहाच्या टपऱ्या, रिक्षा स्टँड, सगळीकडे विचारत फिरले. लालसर पिल्लू, एक कान पडलेला, पाहिलं का? कोणी हसलं, कोणी ट्रकखाली एक पिल्लू आल्याचं सांगितलं. मी तिथेही जाऊन आले. ते दुसरं होतं. पांढरं. त्याच्याकडे पाहून मला हायसं वाटलं, आणि असं हायसं वाटल्याची लाजही.

स्टेशनाच्या फाटकाशी एक म्हातारी बोरं आणि जांब घेऊन बसते. माणिकबाई नाव. तिला विचारलं तर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तूच नं वो ते? निळ्या पिशवीवाली?"

मी तिच्या टोपलीतल्या बोरांकडे पाहू लागले.

"म्या पाहिलं तुले. भाकर टाकली अन पाठमोरी झाली. मंग आता काहून आली? करमून नाही राहिलं?"

मी तिला तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत बसून, सांगितलं. पोरीच्या सुयांचं, कडीचं, सगळं. यांना सांगताना आदल्या दिवशी मी थोडं झाकलं होतं. तिच्यापुढे झाकलं नाही, तिनं पाहिलंच होतं. ती ऐकत ऐकत बोरं निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "पोट्टीले सांगतलं काय?"

"नाही."

"मंग कुत्रं नेऊन काय करशीन? म्हनशीन, सापडलं?"

बाई, मी खरंच तेच ठरवून आले होते. गाडीत सगळं वाक्य जुळवलं होतं. फिरत फिरत बडनेऱ्यातच सापडला, असं. माणिकबाईने ते माझ्या तोंडावरून वाचलं असावं.

"सांगतो म्हन," ती म्हणाली. "मंग देतो."

"सांगते."

तिने मागच्या पोत्यांच्या आडोशाला हाक मारली. तो सुतळीनं बांधलेला होता. मला पाहिलं मात्र, आणि बाई, तो वेडा झाला. सुतळीला हिसके देऊन मागच्या पायांवर उभा, शेपटीनं अख्खं अंग हलत होतं. मी त्याला मारलेलं, तिथे टाकून आलेली, आणि तो मला पाहून तसाच करत होता जसा मैना शाळेतून आल्यावर करायचा. मी हात पुढे केला तर आनंदानं त्यानं माझा अंगठा पकडून चावला. मी हात ओढला नाही. माणिकबाई म्हणाली, "दिवसातून शंभरदा चावते मले. जांब देतो एक तोंडात, मंग राहते गुमान." पैसे द्यायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

या खेपेला त्याला पिशवीत घातलं नाही. मांडीवर घेऊन आले.

घरी आले तेव्हा मैना खाटेवर पोट धरून निजली होती. त्याला पाहून उठली, पण लगेच उठता येईना. हा उडी मारायला गेला, मी त्याला धरून ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर धीर गेला असता. म्हटलं, "मैना, हा पळाला नव्हता. मी याले अकोल्याले सोडून आली होती. कडी तू लावली होती. मी खोटं बोलली. तुझ्या आईलेही खोटं लिहिलं."

मला वाटलं रडेल, ओरडेल. तिने विचारलं, "मंग उद्या सुई आहे का?"

सत्तावीसला हे फुटाण्याला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्याला हिंडवून, पाणी पाजून पाहिलं, चावल्याची तारीख पुन्हा विचारली, आणि सुया बंद केल्या. आठ झाल्या होत्या. त्या आठही मी दिलेल्या आहेत असंच मी समजते. गफ्फारचाचांनी फुटाण्यालाही लस टोचली. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "आता तरी ऐकशीन, बेटा?"

आता ऐकते. तुला हे क्षुल्लक वाटेल, पण पंधरा दिवस या घरात हेच चाललं आहे. संध्याकाळी मैना आली की फाटकाशीच झाडासारखी उभी राहते, हात छातीशी, डोळे आभाळाकडे. तो उड्या मारतो, भुंकतो, फ्रॉक ओढतो. ती हलत नाही. त्याचे चारही पाय जमिनीला लागले की मगच खाली बसून त्याला जवळ घेते. दात लागला की "आई गं" म्हणते, एकदाच, आणि पाठ फिरवते. सुरुवातीला तो आणखी चिडायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी थबकला. आता पाठ फिरवली की स्वतःच जाऊन गाठ मारलेलं फडकं तोंडात धरून आणतो. दुपारी मशीनखाली पोत्यावर झोपतो. जास्त दमला की जास्त चावतो हे मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, दमला की गप्प बसेल.

माझं मात्र अवघड आहे. मी झाडू घ्यायला हात उचलला तरी तो अंग चोरून जमिनीला चिकटतो. चाचा म्हणतात, हे जायला दिवस लागतील. मी रोज सकाळी अंगणात हात मोकळे सोडून बसते. तो येतो तेव्हा येतो.

आता ते, जे तिसऱ्या पत्रात लिहिलं नव्हतं म्हणून ते फाडलं.

मी त्याला चावतो म्हणून सोडलं नाही. चावण्याचं निमित्त झालं. तू मैनाला माझ्याकडे पाठवलीस तेव्हा म्हणालीस, "वर्षभराचा प्रश्न आहे." मी "हो" म्हटलं, पण मनात वर्ष मोजलं नाही. बारा वर्षं या क्वार्टरमध्ये दोनच ताटं वाढली गेली आहेत, तुला माहीत आहे. मला वाटलं, हळूहळू ती इथलीच होईल. तिचे केस मी विंचरीन, तिचे कपडे मी शिवीन. पण शाळेतून आली की ती सरळ त्याच्याकडे जायची. मोरीच्या मागे दोघं बसायचे. एकदा मी कपडे वाळत घालताना ऐकलं, ती त्याला सांगत होती, "परीक्षा झाली की आपून घरी जाऊ. आई येणार हाये. इथं थोडेच दिवस, हं."

तिच्या जवळ तुमच्या घरातलं तेवढंच उरलं होतं. त्याच्या अंगाला पऱ्हाटीच्या ढिगाचा वास होता म्हणायची. तोही गेला तर मग ती माझ्याकडे येईल, असं मला वाटलं. असं लख्ख शब्दांत वाटलं नव्हतं, पण वाटलं होतं.

त्या सोमवारी तो मोरपंखी फ्रॉक मी तिला घातला, तिने हट्ट धरला म्हणून स्वेटरवरूनच. तीन दिवस बसून शिवला होता. ती आरशासमोर फिरली, फुटाण्यानं झेप घेतली आणि झालर टर्रकन फाडली. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती हसली, बाई. पोट धरधरून हसली, आणि झालरीचं दुसरं टोक धरून त्याच्याशी ओढाओढी करू लागली. मी पाहत उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढली.

आणि म्हणूनच दवाखान्यात बोलले नाही. कुत्र्याचं सांगितलं असतं तर हे कारणही बाहेर आलं असतं, आणि तू तिला घेऊन गेली असतीस. ती मला अंतरू नये म्हणून मी तिला आठ सुया टोचू दिल्या. लिहून झाल्यावर हे वाक्य मी परत वाचलं. ते असंच राहू दे.

मैना माझ्याशी वाईट वागत नाही. विचारलं तर उत्तर देते. स्वतःचं ताट धुऊन ठेवते, मी नको म्हटलं तरी. पण सव्वीस तारखेपासून तिने मला मावशी म्हटलेलं नाही. हाकच मारत नाही. काही हवं असलं तर समोर येऊन उभी राहते.

परवा मी तिला विचारलं, "तुले आईकडे जायचं आहे काय?"

ती म्हणाली, "आईले खरं लिहिलं काय?"

"नाही अजून."

"आधी ते लिही."

म्हणून आज बसले. लिहून झालं की तिला सगळं वाचून दाखवणार आहे, फ्रॉकचंही. तिने हो म्हटलं तरच पाकीट चिकटवीन.

तू आणि भाऊजी ठरवा. घेऊन ये म्हणालात तर मी स्वतः तिला आणि फुटाण्याला घेऊन पुण्याला येते. पत्र्याच्या खोलीत तुम्हा चौघांची अडचण होईल, शाळा बुडेल, हे सांगायचा आता मला अधिकार नाही, तरी लिहिते. परीक्षेपर्यंत राहू दे म्हणालात तर राहील, आणि परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला तुमच्याकडे पोचवायला येईन. यापुढे वर्ष मोजेन. पण काय ठरवाल ते मला कळवू नका. पत्र तिच्या नावानं पाठवा, आणि तू तिला जे रागावून लिहिलंस त्याबद्दलही तूच चार शब्द लिही. ते माझ्या हातानं पुसलं जाणार नाही. पोस्टमनला सांगून ठेवलं आहे, पाकीट तिच्याच हातात पडेल. मी उघडणार नाही. तिने वाचून दाखवलं तर ऐकेन.

मला काय म्हणायचं ते तू म्हण. पण पत्रात लिहून म्हण, मनात ठेवू नकोस.

मैना पुन्हा मावशी म्हणेपर्यंत नुसती,
ज्योत्स्ना